जुवाखालचा चेहरा

१

रिकामी चौकट भिंतीवर इतकी सरळ टांगलेली होती, की ती रिकामी आहे हे ध्यानात यायला वेळ लागला. दुपारच्या सुट्टीनंतर आम्ही सभागृहाचे दार उघडले. यशोधन सर सवयीने पहिल्या भिंतीवरून नजर फिरवून पुढे गेले, आणि चालता चालता थांबून मागे वळले. काचेमागे नुसता तपकिरी पुठ्ठा होता.

"जू गेलं," ते म्हणाले.

त्या छायाचित्राला आम्ही सगळे ‘जू’च म्हणत असू. अमरावतीच्या एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहात ‘रस्त्यावरचे वऱ्हाड’ हे प्रदर्शन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडायचे होते. त्यात मोर्चे, धरणी आणि घेरावांची छायाचित्रे होती. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असलेले यशोधन सर त्यांचे संपादक होते आणि मी, अद्वैत, त्यांचा मदतनीस. सर म्हणत, की सरकारी कागदांत मोर्चाचा फक्त आकडा असतो, चेहरे असतात ते छायाचित्रांत.

‘जू’ काढले होते अकोल्याच्या नारायणराव छायाचित्रकारांनी, चाळीस वर्षांपूर्वी. खारपाणपट्ट्यातल्या खारपिंप्री गावाने विहिरीचे खारे पाणी टिपाडांत भरून अकोल्याच्या कचेरीवर मोर्चा नेला होता. गाडीला बैल नव्हते. जुवाखाली दोन माणसे होती. उजवीकडे गावचे शिक्षक महादेवराव, आणि डावीकडे डोक्याला कापड गुंडाळलेला, मिशीवाला एक तरुण. पुढे वाकलेला, दोन्ही हात जुवावर, आणि डोळे थेट आपल्याकडे. कामाचे निमित्त काढून मी कितीदा तरी त्या डोळ्यांसमोर उभा राहिलो होतो. माणसांच्या डोळ्यांत पाहणे मला फारसे जमत नाही. छायाचित्रातल्या डोळ्यांत जमते.

आता गावात गोड्या पाण्याच्या टाकीसमोर याच चित्राचे शिल्प उभे राहणार होते. प्रदर्शनानंतर चित्र शिल्पकाराकडे जायचे होते आणि खाली दोघांची नावे कोरली जायची होती. महादेवरावांच्या नावाला कोणाचीच हरकत नव्हती. डावीकडच्या नावावरून मात्र आदल्याच दिवशी याच भिंतीसमोर भांडण झाले होते.

खारपिंप्रीचा कुलदीप म्हणत होता, की तो माझा बाप, देवमन. आणि त्याच गावच्या कौशल्याबाई, साठी ओलांडलेल्या, म्हणत होत्या, की ती मी.

"आजी, मिशी हाये त्याले!" कुलदीप हसला होता, आणि त्याच्यामागे सगळे सभागृह हसले होते.

"मले बी दिसते ना मिशी," म्हातारी म्हणाली होती. "पर खांदा माह्या हाये."

हसण्यात दोघेच सामील नव्हते. एक मी. दुसऱ्या अनसूयाताई, नारायणरावांची मुलगी, ज्यांनी अकोल्याहून ही सगळी चित्रे आणून स्वतःच्या हातांनी टांगली होती. प्रत्येक चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे त्या बुचाचा एकेक तुकडा बसवत, म्हणजे चौकट तिरकी होत नाही. स्टुडिओत बाबांची तशी पद्धत होती, असे त्या म्हणाल्या होत्या.

"पोलिसांत गेलो तर उद्घाटन गेलं," सर म्हणाले. "मागच्या वाचनकक्षाचं दार सुट्टीत उघडंच असतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. तू विचारून ये."

"मी, सर?"

"तू कमी बोलतोस. तुझ्यासमोर माणसं न राहवून बोलतात."

चौकट मी उजेडात नेली. मागचे खिळे उपसून पुन्हा त्याच भोकांत बसवलेले होते. काच काढून तिची आतली बाजू पाहिली, तेव्हा तिथे, डावीकडच्या माणसाचा चेहरा जिथे येत असे नेमक्या त्या जागी, तांदळाच्या दाण्याएवढा काळा डाग होता. बोट लावले. बोटाला काजळीसारखे काहीतरी लागले.

२

कुलदीप राजकमल चौकाजवळच्या चहाच्या टपरीवर भेटला. पांढरा सदरा, मनगटात कडे आणि आवाजात पुढच्या निवडणुकीची तयारी.

"मी नेला म्हनते काय तुह्या सर? काहून नेऊन राहिलो मी? तो फोटो भिंतीवर राह्यला तं माह्या बाप दगडात जाते. गायब झाला तं माह्यंच नुकसान!"

हे बरोबर होते. मी मान हलवली.

"तू लेका बोलत काहून नाई? पोलीस बी एवढा वेळ पाह्यत नाई तोंडाकडे."

"तुमच्या वडिलांनी त्या मोर्चाबद्दल काय सांगितलं होतं?"

तो थोडा हलला. चहाचा ग्लास त्याने फिरवत ठेवला.

"बाबा बोलतच कमी. गाडी आपली होती, एवढं म्हने. आता गाडी आपली, तं वढनारा कोन? आपनच!" मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "तुले सांगू, आमच्या घरी पोळ्याची मानाची जोडी. गावात पह्यली जोडी तोरनाखाली आमची. बाबानं जल्मात एक पोळा चुकवला नाई. ताप असला तरी, पाऊस असला तरी, बैलाची येसन बाबाच्याच हाती. गेला त्या वर्षी बी बाजीवर बसून पोळ्याची गानी, झडत्या, आयकल्या त्यानं."

हे सांगताना त्याचे डोळे भरून आले. वडिलांवर प्रेम करणारा माणूस खोटे बोलत असेल, तर ते स्वतःलाही कळू न देता बोलतो. त्याने खिशातून वर्तमानपत्राचे जुने कात्रण काढले. ‘जू’ तिथे छापलेले होते, धुरकट आणि मिशीसकट. मी ते डोळ्यांजवळ धरले. इतके दिवस मी फक्त चेहरे पाहत आलो होतो. आज पहिल्यांदाच मागचे कुंपण पाहिले.

कुंपणापलीकडे एक बैल मोकळा उभा होता. त्याच्या अंगावर झूल होती आणि शिंगांना बेगड.

३

कौशल्याबाई शहरात लेकीकडे उतरल्या होत्या. अंगणात मोर्शीची संत्री सोलत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"पी. आमच्या गावचं हाये. नयाचं, टाकीतलं."

"घरात पाणी आहे ना, आई," आतून लेक म्हणाली. "जिथं जाते तिथं बाटली घेऊन जाते ही. लोक हसतात."

"हसू दे. पह्यले आमच्या गावात पाहुना पानी प्यायला की थुकत होता. आता म्या पाजते." मी पीत असताना त्या माझ्याकडे एकटक पाहत होत्या. "गोड हाये ना?"

"गोड आहे."

"मंग."

चित्र नाहीसे झाल्याचे सांगताच त्यांच्या हातातली फोड थांबली. रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या नुसत्या लहान झाल्यासारख्या दिसल्या.

"गेलं? मंग आता कोन मानंन?" त्या म्हणाल्या. "मिशी होती तरी फोटो तं होता, बावा."

"आजी, तो दिवस पोळ्याचा होता ना?"

त्यांनी चमकून वर पाहिले. "तुले कोनं सांगतलं?"

"बैलानं."

त्या खळखळून हसल्या आणि मग सांगत सुटल्या. सणाच्या दिवशी मंत्री अकोल्यात येणार होता, म्हणून मोर्चा त्याच दिवशी ठरला. पण पोळ्याला कोणी बैल जुंपत नाही, आणि घरातला पुरुष बैल सोडून हलत नाही. गाड्या रिकाम्या पडलेल्या. मग बायाच निघाल्या. महादेवराव मास्तरांकडे बैलच नव्हते, म्हणून पुरुषांतले तेवढे एक.

"बांगड्या फुटू नये म्हनून मनगटाले फडके बांधले. दोन्ही हात जुवावर. पदर सांभाळाव कोनं? दातात धरला. पूरा रस्ताभर बाकीच्या बाया नारे देऊन राहिल्या, आन मले एक बी नारा देता आला नाई. तोंडात पदर!"

"तुम्ही ओळखलं कसं, की चित्रातली तुम्हीच?"

"मले माह्या खांदा ओळखू नाई येईन काय? आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले हळद-लोनी लावते. माह्या सासूनं त्यातलं उरलेलं ठेवलं होतं. मोर्चाच्या रात्री आली, काई बोलली नाई, माह्या खांद्याले लावून गेली. सासऱ्याले ठाव नोयतं. सासरा माह्या पोलीस पाटील! फोटोवाल्यानं बी इचारलं होतं, कोनाच्या घरची? म्या दातातला पदर काढून सांगतलं, पाटलाची सून. त्याचं तोंडच उतरलं, बावा. मंग त्यानं माह्याकडे असं पाह्यलं, जसा त्यानंच काई गुन्हा केला."

४

अकोल्याच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. बडनेरा मागे पडले. वेचणीला आलेली कपाशीची शेते उन्हात विखरून पडली होती. पूर्णेच्या काठची ही काळी जमीन वरून किती समृद्ध दिसते, आणि तिच्या पोटात मात्र मीठ आहे. आपल्या माणसांच्या आठवणीही अशाच असतात, असे काहीसे मनात येत होते. मी ते बाजूला सारले आणि एकेक गोष्ट जुळवू लागलो.

कुलदीपला चित्र भिंतीवर हवे होते. कौशल्याबाईंना तर त्याहून जास्त, कारण त्याशिवाय त्यांच्यापाशी दुसरे काहीच नव्हते. सरांना ते केव्हाही उघडपणे उतरवता आले असते, चोरीची गरज नव्हती. मग ज्याला चित्र नकोसे झाले असेल असा माणूसच उरत नव्हता.

पण नेणारा चित्र नकोसे होऊन नेतो, असे कोणी सांगितले?

त्याने खिळे पुन्हा भोकांत बसवले होते. चौकट पुन्हा टांगली होती, आणि खालच्या कोपऱ्यांमागचे बुचाचे तुकडेही जागच्या जागी होते. घाईत असलेला चोर बूच बसवत नाही. ते हाताची सवयच बसवते.

आणि तो डाग. छायाचित्रातला काळा रंग कागदाच्या आत असतो. कितीही दाबले तरी तो काचेला लागत नाही. काचेला लागते ते वरून लावलेले. म्हणजे त्या चेहऱ्यावर, ओठांच्या वर, कोणीतरी कुंचल्याने काहीतरी रंगवले होते. हे ज्याला माहीत असेल त्यालाच ते चित्र न्यावेसे वाटेल.

अनसूयाताई दुपारच्या गाडीने अकोल्याला जाते म्हणून निरोप घेऊन गेल्या होत्या. त्या निघाल्या ती वेळ सभागृह बंद होण्याच्या थोडी आधीची होती.

बस मूर्तिजापूरला थांबली. मला उतरून परत जावेसे वाटले. एखाद्याच्या दारात उभे राहून ‘तुम्हीच नेलंत’ म्हणायचे, या कल्पनेनेच मी जागेवरून अर्धा उठलो होतो. पण मग ‘आता कोन मानंन’ हे शब्द आठवले, आणि मी पुन्हा बसलो.

५

स्टुडिओ कधीच बंद झाला होता. पुढच्या खोलीत आता शिकवणी चालत असे. मागच्या खोलीचे दार अनसूयाताईंनी उघडले, माझ्याकडे पाहिले, आणि काही न विचारता बाजूला झाल्या.

उतरत्या मेजावर ‘जू’ ठेवले होते. शेजारी पाण्याची वाटी, कापसाचे बोळे आणि भिंग होते. कापूस कोरडा होता.

"सकाळी परत नेऊन लावणार होते," त्या म्हणाल्या. "धुऊन. पण हात पुढे जाईना."

"मिशी तुम्ही रंगवली होतीत?"

त्या खुर्चीवर बसल्या.

"शाळेत होते मी. माझा हात बाबांपेक्षा बारीक चालायचा. लग्नाच्या फोटोंतल्या नवऱ्यांच्या पुटकुळ्या, देवीचे व्रण, सगळं मीच घालवायची. मोर्चाच्या रात्री बाबा घरी आले ते घाबरलेले. पोलीस फोटो मागणार, हे नक्की होतं. कोण कोण होतं ते चेहरे पाहून धरणार. मास्तरांना पर्वा नव्हती. पण ती मुलगी पाटलाची सून. त्यांनी एकच प्रत काढली, चकाकी यावी म्हणून काचेवर सुकवली, आणि निगेटिव्ह माझ्यासमोर चुलीत घातली. मग म्हणाले, अनू, हिला मिशी काढ."

"आणि पदराचा फेटा केला."

"पदर डोक्यावर होताच, काष्टा धोतरासारखा दिसत होता. टोक तेवढं मिशीखाली झाकलं. पोलिसांनी पाहिलं, वर्तमानपत्रानं याच प्रतीवरून छापलं, पोरगी वाचली. बाबांना वाटलं, पुढे कधीतरी सांगू. मग ते चित्र मोठं झालं. पुस्तकांत गेलं. माझ्या कुंचल्याची मिशी इतिहासात गेली, अद्वैत! आणि काल ती बाई समोर उभी होती, लोक हसत होते, आणि मी, जिनं तिचं तोंड पुसलं ती, बुचं बसवत होते."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"एक फोटो खोटा म्हटला की बाबांचे बाकीचे कोण खरे मानेल? गुपचूप धुऊन परत लावावं म्हटलं. पण धुताना खालचंच निघून आलं तर? ही एकच प्रत आहे. मग ती बाई कायमची गेली."

मी भिंग उचलले. मिशी जवळून पाहिली, आणि काचेवरचा तो डाग आठवला.

"ताई, डाग घालवायला तुम्ही काय वापरत होता?"

"शाई. स्पॉटिंगची. ती कागदात मुरते."

"आणि ही?"

त्या चित्रावर वाकल्या. "ही... काजळी. काजळी आणि बाभळीचा डिंक. मी शाईची बाटली काढली होती. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली. म्हणाले, शाई नको, उगाच मुरेल." त्या माझ्याकडे पाहू लागल्या. "मला इतकी वर्षं वाटत होतं, ते शाई वाचवत होते."

"मुरू नये हेच त्यांना हवं होतं. मिशी त्यांनी निघण्यासाठीच लावली होती, ताई. फक्त काढायचं राहून गेलं."

अनसूयाताईंनी तोंडावर पदर घेतला.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी, दारे बंद करून, आम्ही पाचजण त्याच भिंतीखाली मेजाभोवती उभे होतो. मी सगळे सांगितले. इतके सलग मी आयुष्यात कधी बोललो नसेन.

यशोधन सरांनी चष्मा काढून पुसला. "मी पुस्तकात छापलंय, बैल विकून बसलेले शेतकरी जुवाखाली गेले. माझं अख्खं प्रकरण गेलं की."

"पण गोष्ट चांगली झाली, सर," मी म्हणालो. "आणि धुण्याआधी मिशीसकट एक नीट छायाचित्र काढून घेऊ. तीही त्याच दिवसाची आहे. तेव्हा लोक कशाला भीत होते, ते तिच्यात आहे."

कुलदीप हाताची घडी घालून उभा होता. "हे सगळं कहानी झाली. मिशीच्या खाली बी माह्या बापच निघाला तं?"

"निघाले तर त्यांचं नाव कोरू. पण आजींनी मला एक सांगितलं आहे. त्यांच्या दातात पदर होता. हे चित्रात कोणालाच दिसलेलं नाही, अनसूयाताई सोडून. त्या दोघी त्याबद्दल कधी बोललेल्या नाहीत. खाली पदर निघाला, तर तो आजींशिवाय कोणाला ठाऊक असणार?" मग मी धीर करून त्याच्या डोळ्यांत पाहिले. "आणि कुलदीपभाऊ, तो पोळ्याचा दिवस होता. तुमच्या बाबांनी जन्मात एक पोळा चुकवला नाही, हे तुम्हीच सांगितलंत."

त्याची घडी हळूहळू सुटली.

मिशीचे छायाचित्र काढून झाल्यावर अनसूयाताईंनी वाटी पुढे ओढली. तेवढ्यात कौशल्याबाईंनी पिशवीत हात घातला आणि आपली बाटली मेजावर ठेवली.

"ते नको. हे घे."

वाटीत पाणी ओतले गेले. कापूस भिजला. ताईंचा हात चित्रावर येऊन थांबला, तेव्हा म्हातारीने त्यांचे मनगट धरले, जसे शिकणाऱ्या पोरीचे धरावे. कापूस एकदा फिरला आणि राखाडी झाला. दुसरा बोळा. तिसरा. सर भिंगातून पाहत होते. काजळी पाण्यात उतरत होती, आणि तिच्याखाली कागद शाबूत होता.

आधी वरचा ओठ दिसला, घामाने चमकणारा. मग दात. आणि दातांत घट्ट धरलेले पदराचे टोक, किनारीसकट.

जुवाखालून एक पोरगी आमच्याकडे पाहत होती. डोळे तेच होते, पण आता ते रागीट वाटत नव्हते. तोंड बांधलेल्या माणसाचे डोळे जेवढे बोलतात तेवढे ते बोलत होते.

"बाई," कौशल्याबाई पुटपुटल्या, "किती लहान होती वं मी."

अनसूयाताई वाकल्या आणि त्यांच्या पायांशी हात नेऊ लागल्या. म्हातारीने त्यांना मधेच धरले. "पागल झाली काय? तुह्या बापानं मले घरात राहू देलं. नाई तं सासऱ्यानं माहेरी धाडलं असतं. मिशीचं काय, ते आज निघाली ना."

कुलदीप दाराकडे वळला होता. त्याची पाठ पाहून मला वाईट वाटले. आपण ज्याला दगडात पाहिले तो बाप पुन्हा एकदा हरवावा, हे सोपे नसते.

"ये कुलदीप," म्हातारीने हाक मारली. "इकडे ये गा. हे पाह्य." तिने बोट चित्रातल्या गाडीच्या चाकाजवळ नेले, पण टेकवले नाही. "गाडी कोनाची हाये? साऱ्या गावात कोनी देऊन नाई राहिलं होतं. पाटलाले भेत होते सारे. तुह्या बापानं देली. सकाळी अंधारात चाकाले वंगन घालून देलं, आन म्हने, वहिनी, मी येत नाई, माह्ये बैल वाट पाहून राहिले. पर गाडी अडनार नाई."

कुलदीप परत आला. चित्रावर वाकून त्याने चाक पाहिले. आणि मग, एवढा मोठा माणूस, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसू लागला.

"गाडी आपली होती, एवढंच म्हने तो," तो म्हणाला. "म्या पुढचं जोडलं."

संध्याकाळी दारे उघडली, तेव्हा ‘जू’च्या जागी दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या, एक मिशीची आणि एक पदराची. दोन्हींच्या खालच्या कोपऱ्यांमागे बूच होते. खालची ओळ सरांनी मला लिहायला लावली होती: जुवाखाली महादेवराव आणि कौशल्या. गाडी देवमन यांची. छायाचित्र नारायणराव, मिशी अनसूया.

लोक पहिल्या चौकटीसमोर हसत आणि दुसरीसमोर गप्प होत. मी एका खांबाआड उभा राहून ते पाहत होतो. गर्दीतून कौशल्याबाई पुढे आल्या. कुलदीपने त्यांना वाट करून दिली. त्या आपल्याच चेहऱ्यासमोर थांबल्या, आणि त्या दिवशी दातांत पदर असल्यामुळे जो नारा त्यांना देता आला नव्हता, तो त्यांनी भरल्या सभागृहात, स्वच्छ आवाजात, एकदाच दिला.

"पानी द्या!"